धरलेला मासा सोडायचा कोणी?

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली आपल्याकडची मुलं सुटीत गावी येताना आता रॉड आणि रील घेऊन येतात. हिंगोलीकडच्या सिद्धेश्वर नाहीतर इसापूर धरणाच्या काठावर भल्या सकाळी बसतात, गळाला मासा लागला की त्याचा फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. धरणाच्या पाण्यावर मच्छीमार संस्थांचा ठेका असतो आणि भोई समाजाची कितीतरी घरं त्या माशावर चालतात. नदी जिवंत राहावी असं दोघंही म्हणतात, पण दोघांचं आपसात बोलणं क्वचितच होतं. ते झालं तर कसं होईल, हे इथे लिहून पाहिलं आहे. मामा आणि भाचा हे नातं माझ्या मनातलं. त्यांची म्हणणी मात्र काठावर ऐकू येतात तीच आहेत. माझं मन बऱ्याच ठिकाणी मामांच्या बाजूला झुकतं, हेही आधीच सांगायला हवं.

मामा : काल सकाळी मरळ धरलीस म्हणे. केवढी होती?

भाचा : दोन किलोच्या वर असेल. सोडून दिली.

मामा : का बरं?

भाचा : एवढी व्हायला तिला काही वर्षं लागली असतील, मामा. मोठी मादी जास्त अंडी घालते, आणि ती नुसत्या वजनाच्या हिशोबानं जास्त नसतात. बहुतेक माशांमध्ये दोन किलोच्या एका मादीची अंडी एकेक किलोच्या दोन माद्यांपेक्षा जास्त भरतात. अशी एक मादी पाण्यात राहिली तर पुढच्या साली तुमच्याच जाळ्यात भर पडेल.

मामा : हे मला पटतं. पण मग धरलीस कशाला? ज्याला खायचं नाही, त्यानं गळ टाकू नये. नामदेवांच्या नर्सीचा मुलूख आहे हा. इथले माळकरी मला तोंडावर बोलतात की तू जीव मारतोस. मी ऐकून घेतो, कारण माझं घर त्यावर चालतं. तुझ्या गळाला काय कारण आहे?

भाचा : हा प्रश्न तुम्हीच विचारता असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून द्यायच्या इराद्यानं मासा धरायला २००९ पासून कायद्यानंच मनाई आहे. धरायचा तर खाण्यासाठी धरा, असं तिथलं म्हणणं.

मामा : शहाणे लोक आहेत.

भाचा : पण त्यांच्या नद्यांवर राखण करायला सरकारी माणसं आहेत. आपल्या पूर्णेवर, पैनगंगेवर कोण आहे? माझं कारण सांगतो. जो माणूस माशासाठी पाण्यावर जातो, त्यालाच पाण्यात काय चाललंय ते कळतं. कावेरीचं उदाहरण घ्या. कर्नाटकात भीमेश्वरी, गालिबोर, दोड्डमाकळी इथे नदीकाठी कॅम्प होते. बाहेरून लोक यायचे, पैसे भरायचे, महाशीर धरायचे, वजन करून सोडून द्यायचे. आधी चोरून मासे मारणारी काही माणसं तिथेच गाईड आणि राखणदार झाली. जिवंत महाशीर बाजारातल्या महाशीरपेक्षा जास्त पैसे देतो म्हटल्यावर गावानंच नदी राखली.

मामा : मग आता ते कॅम्प कुठे आहेत?

भाचा : मासेमारी २०१२ च्या सुमारास बंद पडली. तो भाग कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात प्राणी पकडला तर कायद्यानं ती शिकार होते, मग सोडा नाहीतर खा. पण ऐका, गालिबोरच्या कॅम्पच्या वह्या राहिल्या. १९९८ ते २०१२ या काळात तिथे सहा हजारांवर महाशीर धरले गेले आणि प्रत्येकाची नोंद झाली. सगळ्यात मोठा ४६ किलोचा होता. शास्त्रज्ञांनी पुढे त्या वह्या वाचल्या, तेव्हा कावेरीत काय घडलं ते उजेडात आलं.

मामा : काय घडलं होतं?

भाचा : सांगतो, पण त्यासाठी आधी लोणावळ्याला जावं लागेल.

इथे थोडं मी सांगायला हवं, कारण ही गोष्ट महाराष्ट्राची आहे आणि आपल्याकडे ती फार कमी सांगितली जाते. दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे धरणं झाली, नद्यांत मैला आला, आणि हा मासा कमी होत गेला. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास साधली. मादीची अंडी हातानं काढायची, नराचं बीज मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची आणि बोटुकली झाली की नद्यांत सोडायची. काम मन लावून केलेलं होतं आणि भारतात त्याला तोड नव्हती. ही बोटुकली देशात ठिकठिकाणी गेली. कावेरीतही गेली.

भाचा : कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, मामा. पाठीवर कुबड असलेला, शेपटीकडे केशरी झाक असलेला, महाशीरांमध्ये सगळ्यात मोठा होणाऱ्यांपैकी एक. कावेरीचं खोरं सोडून जगात दुसरीकडे कुठेच तो नाही. लोणावळ्याहून आलेला आपला मासा तिथे मानवला, वाढला, पसरला. वह्यांमधून दिसलं ते असं की गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत होती आणि त्याच काळात कुबडवाला दिसेनासा होत चालला होता. लोक मात्र आकडा वाढतोय म्हणून खूश होते. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेला.

मामा : म्हणजे धरून सोडणाऱ्यांनी एकेक मासा जपला आणि जातच जायला लागली.

भाचा : ती धरून सोडल्यामुळे नाही जायला लागली. बाहेरचा मासा आणून सोडल्यामुळे जायला लागली असावी, आणि त्यामागेही हेतू चांगलाच होता. गळवाल्यांच्या वह्या नसत्या तर हे कळलंही नसतं.

मामा : वहीचं तुझं म्हणणं मी धरून ठेवतो. पण बाहेरच्या माशाचं म्हणशील तर आम्हाला सांगायला कावेरी कशाला पाहिजे? चिलापी आली, तिनं काठ धरले. थाई मांगूर आला. सरकारनं २००० साली बंदी घातली, हरित लवादानं २०१९ मध्ये तळीच्या तळी नष्ट करायला लावली, तरी पुरात कुणाच्या शेततळ्याचा बांध फुटला की तो ओढ्यात उतरतोच. सापडेल ते खातो. तुझ्यासारख्याच्या गळाला मांगूर लागला तर काय करतोस?

भाचा : मांगूर सोडत नाही कुणी. सोडू नये.

मामा : पण सोडायचा कोणता आणि सोडायचा नाही कोणता, हे तुझ्या शहरातल्या सगळ्या पोरांना ओळखता येतं का? गावठी मागूर पण असतो आपल्याकडे, मिशावाला. तो वेगळा, हा वेगळा.

भाचा : सगळ्यांना नाही ओळखता येत.

मामा : आणि कटला लागला तर?

भाचा : सोडतो. मोठा असेल तर नक्कीच.

मामा : बाबा, कटला, रोहू, मृगळ हे धरणात आम्ही सोडलेले असतात. दहा जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो, साहेब लोक दर वर्षी तेच सांगतात : १९५७ साली त्या दिवशी हिरालाल चौधुरींनी ओडिशात अंगुलला इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. त्याच्या आधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात वितात, साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. म्हणून दर साली संस्था बोटुकली विकत आणते, टाकते आणि वाढली की काढते. तू कटला सोडलास तर नदीचं काही वाचत नाही. आमची वस्तू आम्हाला परत दिलीस, एवढंच. त्याबद्दल आभार, पण त्याला संवर्धन म्हणू नको.

या ठिकाणी मला मामांचं म्हणणं बिनतोड वाटतं. रान आणि शेत यांत आपण जो फरक करतो, तो पाण्यात करायला विसरतो. सिद्धेश्वर धरणात जे टनांनी निघतं ते बहुतांश पेरलेलं पीक असतं. रानातले मासे वेगळे : मरळ, वाम, शिंगाडा, गावठी मागूर आणि ओढ्या-नाल्यांतले बोटाएवढे असंख्य छोटे मासे, जे गळालाही लागत नाहीत आणि ज्यांचा कुणी फोटोही काढत नाही. हे आपलं आपण वाढतात. त्यांच्यासाठी कुणी बीज विकत आणत नाही, म्हणून ते संपले तर तोट्याच्या कुठल्याच वहीत दिसत नाही. हिंगोलीत जपायचे असतील तर हेच जपायचे आहेत.

भाचा : बरं, कटला तुमचा. पण मरळ तर रानातली आहे. ती सोडली, हे तरी बरोबर केलं ना?

मामा : कुठे सापडली?

भाचा : काठालगत, गवतात. बेडकासारखं रबराचं आमिष टाकलं होतं. जोरात झेपावली.

मामा : पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका होता का?

भाचा : होता. पाणी नुसतं खदखदत होतं. म्हणून तर तिथे टाकलं.

मामा : तुझ्या आमिषावर ती भुकेनं आली नव्हती, लेकरा. पिल्लांवर कुणीतरी चालून आलं म्हणून ती धावली. मरळ काठाच्या गवतात जागा साफ करते, अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत जोडी खालून राखण करते. पिल्लं वर श्वास घ्यायला आली की आई-बाप खालीच असतात. तू तिला ओढून काठावर आणलीस, तोंडातला गळ काढलास, फोटो काढलास. तेवढ्या वेळात चिलापी आणि बाकीचे त्या घोळक्यात शिरले असतील. तिला सोडलंस तेव्हा ती जिवंत होती हे खरं, पण तिची पिल्लं राहिली असतील का?

भाचा : हे मला माहीत नव्हतं.

मामा : माहीत होण्यासारखं आहे. आमच्याकडे पोरं हे सात-आठ वर्षांची असताना शिकतात. आणि सगळं खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही तो घोळका बघूनच जाळं टाकतात, कारण जोडी तिथेच असते, हमखास सापडते. मरळ महाग जाते. जिवंत विकता येते म्हणून गिऱ्हाईक हौसेनं घेतं.

भाचा : मग आधी त्यांना सांगा.

मामा : सांगतोच आहे. पण त्यांना सांगताना तुझ्यासारखा काठावर तेच करत बसला असेल, तर माझं कोण ऐकणार?

भाचा : समजा पिल्लांच्या दिवसांत, पावसाळ्यात नाही आलो. हिवाळ्यात, उन्हाळ्यात तर चालेल?

मामा : उन्हाळ्यात तर येऊच नको. चैतापासून पाणी आटायला लागतं, काठाशी कोमट होतं. मासा आधीच धापा टाकत असतो.

भाचा : ते बरोबर आहे. वीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. गळाला लागून झुंजलेला मासा दमलेला असतो, त्यात त्याला मिनिट-दोन मिनिटं हवेत धरलं तर सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. म्हणून नियम आहेत. गळाचा उलटा काटा दाबून टाकायचा, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालायचं नाही. मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा. हे पाळलं तर बहुतेक मासे जगतात, यावर कावेरीतही अभ्यास झालेत.

मामा : काल हे सगळं पाळलंस?

भाचा : फोटोसाठी थोडा वेळ बाहेर धरली होती. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून वाटलं तिला चालेल.

मामा : मरळीला चालतं. शिंगाड्याला चालत नाही.

छंदाच्या गळाबद्दल हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७३ मध्येच भारतातल्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि महाशीरची ताकद जगाला सांगितली. रॉड घेऊन छंद म्हणून गळ टाकण्याची आपल्याकडची आजची परंपरा इंग्रजांच्या काळातली. मासा राखण्याची परंपरा त्याहून निराळी आहे आणि तिला गळ लागला नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह. तिथे महाशीर राहतात, भाविक त्यांना खाऊ घालतात आणि कुणी त्यांना हात लावत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात, महादेवाच्या पायाशी, तसेच मासे आहेत. या दोन ठिकाणी राखण करायला कुठला कॅम्प लागला नाही. पण सिद्धेश्वरचं सगळं पाणी असं देवाला वाहता येणार नाही, कारण त्या पाण्यावर लोकांची पोटं आहेत. धरणाखालच्या नदीतले चार डोह मात्र वाहता येतील, आणि मला वाटतं खरी गरज तिथेच आहे.

भाचा : डोहांचं मी पण म्हणणार होतो. धरणाच्या भिंतीवर मासा चढू शकत नाही. पावसाळ्यात चढणीचा मासा गोदावरीकडून पूर्णेत वर येतो आणि भिंतीखाली अडतो. उन्हाळ्यात नदी तुटली की त्यातले जे उरतात ते डोहांत उरतात. तिथे बारा महिने जाळं नको, गळ नको, काही नको. हा ठराव तुमच्या संस्थेनं करावा.

मामा : संस्थेचा ठेका तलावाचा असतो, नदीचा नाही. नदीत कोणीही उतरतो. आणि तिथे जाळं कोण टाकतंय? तिथे करंट लावतात. बॅटरी, इन्व्हर्टर आणि दोन काठ्या. डोहातलं सगळं उलटं होऊन वर येतं, कामाचं तेवढं उचलतात, बाकीचं सडतं. नाहीतर ब्लीचिंग, नाहीतर जिलेटिनची कांडी. यात बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही.

भाचा : सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, मामा. सव्वाशे वर्षं झाली.

मामा : कायदा आहे, पण रात्री दोन वाजता डोहावर कायदा नसतो. तू एक सांग. समुद्रावर जून-जुलैत मासेमारी बंद असते ना?

भाचा : असते. आणि २०२३ मध्ये राज्यानं समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं.

मामा : पापलेटला मान मिळाला, चांगलं झालं. तसा एकदा मरळीचा, वामचा विचार व्हायला पाहिजे. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही आमच्यापुरतं ठरवू शकतो. मी बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे. चार बोटं सरळ आत जातील याहून बारीक आसाचं तंगुसाचं जाळं तलावात नको, आणि मच्छरदाणी तर नकोच. दुसरी, मृग लागल्यापासून पंधरा ऑगस्टपर्यंत काठाच्या गवतात कुणी जाळं टाकायचं नाही. पिल्लांचा घोळका दिसला तर तिथून होडी लांबून न्यायची.

भाचा : लोक मान्य करतील?

मामा : तरणी पोरं भांडतील. दोन महिने काठ सोडायचा म्हणजे मरळीचे पैसे सोडायचे, आणि तेच दिवस हातात पैसा नसण्याचे असतात. घरात बी-भरणाचा खर्च, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. तू म्हणतोस तसं मोठी मादी सोडली की पुढच्या साली भर पडते. पण पुढच्या सालापर्यंत उधारी कोण देणार? हे तुझ्या कावेरीवाल्यांना सोपं होतं, त्यांना बाहेरून पैसा मिळत होता.

भाचा : तसा इथे का मिळू नये? संस्थेनं काठावर बसायची पावती ठेवावी. हिवाळ्यात, ठरलेल्या जागी, उलटा काटा दाबलेल्या एकाच गळानं. पैसे संस्थेला. वर प्रत्येकानं काय धरलं, किती लांब, किती वजन, कुठे सोडलं, ते वहीत लिहायचं. मांगूर लागला तर परत पाण्यात नाही. पाच वर्षांत तुमच्या धरणात मरळ वाढली की घटली हे सांगणारी वही तयार होईल. आत्ता असं काही कुणाकडेच नाही.

मामा : पावतीनं पोट भरायचं नाही. हिंगोलीत येऊन येऊन किती येतील?

भाचा : फार नाही येणार. पण उधारीतला थोडा भाग निघेल.

मामा : वही आवडली मला. ती मात्र आमच्या पोरांकडून लिहून घे, तुमच्याकडून नको. तुम्ही लोक सुटी संपली की जाता. आमचं पोरगं रोज काठावर असतं, आणि मासा ओळखतं.

भाचा : लिहून घेतो. काय काय लिहायचं ते मी आखून देतो.

मामा : आणि डोहाचं म्हणतोस तर डोहावर रात्री माणूस लागेल. आम्ही दिवसभर पाण्यावर असतो, रात्री आमच्यानं होत नाही. तुझी रॉडवाली पोरं येतील का? करंटवाले बाजाराच्या आदल्या रात्री उतरतात.

भाचा : बाजार मंगळवारी ना?

मामा : मंगळवारी.

भाचा : म्हणजे सोमवारची रात्र. पुण्याची मुलं सोमवारी नाही येऊ शकत, मामा. हिंगोलीत, वसमतला राहणारे चौघे-पाच जण आहेत, त्यांना विचारतो.

मामा : विचार. आधी पोलीस पाटलांच्या कानावर घालू, एकट्या-दुकट्यानं त्या लोकांपुढे जायचं नाही. आणि रॉड आता पंधरा ऑगस्टनंतरच काढायचा.